पाच दिवस, पाच सामने: एनसी स्टेटने २०२४ ची एसीसी स्पर्धा कशी जिंकली

प्रश्न एका महाविद्यालयीन बास्केटबॉल संघाच्या प्रशिक्षकांचा आहे. पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत रोज सामना पडतो आणि तिसऱ्या दिवशी मुलांचे पाय उचलत नाहीत. मग अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट (एनसी स्टेट) विद्यापीठाच्या पुरुष संघाने मार्च २०२४ मध्ये पाच दिवसांत पाच सामने कसे जिंकले? आणि साखळीत दहावा आलेला संघ विजेता ठरत असेल, तर चार महिन्यांच्या हंगामाला किंमत काय?

हंगामाची किंमत आधी पाहू, कारण पाच दिवसांचं ओझं तिथूनच आलं.

अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, म्हणजे एसीसी, हा विद्यापीठांचा गट. त्या वर्षी त्यात १५ संघ होते. नोव्हेंबरपासून गटाबाहेरचे ११ आणि गटातले २० असे ३१ सामने एनसी स्टेट खेळला. त्यांतले १७ जिंकला, १४ हरला. गटात ९ विजय, ११ पराभव. शेवटचे चार सामने तर ओळीने गेले: फ्लोरिडा स्टेट, नॉर्थ कॅरोलायना (हे एनसी स्टेटहून वेगळं विद्यापीठ), ड्यूक आणि पिट्सबर्ग. मानांकन मिळालं दहावं.

आता स्पर्धेचा तक्ता बघा. पहिल्या चार संघांना दोन दिवसांची पुढे चाल, ते थेट गुरुवारी उपांत्यपूर्व फेरीत उतरतात. पाच ते नऊ बुधवारी येतात. दहा ते पंधरा मंगळवारपासून. म्हणजे नववा आणि दहावा यांच्यात कागदावर एका क्रमांकाचा फरक, पण प्रत्यक्षात एक अख्खा सामना. त्या वर्षी नववा होता फ्लोरिडा स्टेट, १० विजय आणि १० पराभवांसह. २७ फेब्रुवारीला टॅलाहसीत एनसी स्टेट त्यांच्याकडूनच ९०-८३ असा हरला होता. तो एक निकाल उलटा लागला असता तर दोघांची जागा बदलली असती आणि एनसी स्टेटला मंगळवारी विश्रांती मिळाली असती. हंगामाला किंमत असते ती अशी. ती वसूल व्हायला दोन आठवडे लागतात, इतकंच.

मात्र या हिशेबाची दुसरी बाजूही आहे. नववा संघ बुधवारी जिंकला की गुरुवारी त्याची गाठ अव्वल मानांकिताशी पडते. फ्लोरिडा स्टेटचं तसंच झालं, नॉर्थ कॅरोलायनाने त्यांना ९२-६७ असं धुतलं. दहाव्याच्या वाट्याला तक्त्याची दुसरी बाजू येते. सामना एक जास्त, पण अव्वल संघाशी गाठ थेट अंतिम फेरीत. वेळापत्रक हातात आलं की संघव्यवस्थापनाने पहिली गोष्ट हीच करायची असते, आपल्या वाटेवर कोण कधी येतो ते लिहून काढायचं.

आणि ही स्पर्धा जिंकणं त्यांना भागच होतं. राष्ट्रीय स्पर्धेत ६८ संघ घेतात. २०२४ मध्ये ३२ जागा निरनिराळ्या कॉन्फरन्सच्या विजेत्यांना होत्या आणि ३६ निवड समितीच्या हातात. समिती प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा, घरचं की बाहेरचं मैदान, चांगले विजय आणि वाईट पराभव तपासते. १७-१४ वर एनसी स्टेटला तिथे जागा मिळण्यासारखी नव्हती. करंडक उचला, नाहीतर हंगाम संपला. एसीसीत तर अधिकृत विजेता स्पर्धा जिंकणाराच, साखळीतल्या पहिल्याला तो मान नाही. १९७४ पर्यंत नियम याहून कडक होता, एका कॉन्फरन्समधून एकच संघ राष्ट्रीय स्पर्धेत जाई. त्या वर्षी याच एनसी स्टेटने अंतिम फेरीत मेरीलँडला जादा वेळेत १०३-१०० असं हरवलं. देशातला एक उत्तम संघ राष्ट्रीय स्पर्धेबाहेर राहिला आणि १९७५ पासून जागा ३२ करून दुसऱ्या क्रमांकाच्या संघांनाही दार उघडण्यात आलं.

आता पाच दिवसांकडे. वॉशिंग्टनच्या कॅपिटल वन अरेनात १२ ते १६ मार्च. लुईव्हिल ९४-८५, सिराक्यूस ८३-६५, ड्यूक ७४-६९, व्हर्जिनिया जादा वेळेत ७३-६५, नॉर्थ कॅरोलायना ८४-७६. एसीसीत पाच दिवसांत पाच सामने जिंकणारा हा पहिला संघ, आणि एनसी स्टेटसाठी १९८७ नंतरचं पहिलं विजेतेपद. यापूर्वी मोठ्या कॉन्फरन्समध्ये असं करून दाखवलं होतं ते २०११ च्या कनेटिकटने, बिग ईस्टमध्ये. तिथे केम्बा वॉकर या एकाच गार्डने (बाहेरून चेंडू खेळवणाऱ्या खेळाडूने) पाच सामन्यांत १३० गुण केले होते. माझ्या मते तुमच्यासाठी कनेटिकटचा नमुना निरुपयोगी आहे. वॉकरसारखा गार्ड प्रत्येक पिढीत दोन-चार असतात. एनसी स्टेटकडून मात्र घेण्यासारखं पुष्कळ आहे.

पहिली गोष्ट मिनिटांची. एका सामन्यात ४० मिनिटं गुणिले ५ खेळाडू, म्हणजे २०० खेळाडू-मिनिटं. पाच सामन्यांची १०००, आणि व्हर्जिनियाविरुद्धच्या जादा पाच मिनिटांची २५, एकूण १०२५. ही आठ जणांत सारखी वाटली तर प्रत्येकी सुमारे १२८, म्हणजे सामन्याला साडेपंचवीस. सहा जणांतच खेळलात तर प्रत्येकी १७१, सामन्याला ३४. फरक इथेच पडतो. आपल्याकडचे बहुतेक संघ पहिल्या सामन्यापासून साडेपाच-सहा जणांवर खेळतात, वीस गुणांनी पुढे असतानाही. सातवा आणि आठवा खेळाडू उपांत्य फेरीत उपयोगी पडायला हवा असेल, तर त्याला पहिल्या दिवशी बारा-पंधरा मिनिटं द्यावी लागतात. ती द्यायची कधी तेही ठरवून ठेवावं, दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला. सामना हातचा गेल्यावर दिलेली मिनिटं कोणाच्याच कामाची नसतात.

दुसरी गोष्ट खेळाच्या पद्धतीची, आणि मला सगळ्यात महत्त्वाची तीच वाटते. थकवा आधी पायात येतो. पाय गेले की तीन गुणांचे फटके आणि फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे फटके) रिंगच्या पुढच्या कडेला लागतात, डिफेन्समध्ये पाय सरकवण्याऐवजी हात पुढे जातो आणि फाउल होतो, शूटरकडे धावत जाणारा एक पाऊल कमी पडतो. म्हणून ज्या संघाचं गुण मिळवणं धावण्यावर आणि लांबच्या फटक्यांवरच उभं आहे, तो चौथ्या दिवशी उघडा पडतो. एनसी स्टेटकडे डीजे बर्न्स होता, ६ फूट ९ इंच, वजन सुमारे १२५ किलो, डावखुरा. तो धावून कोणाला हरवत नव्हता. बास्केटकडे पाठ करून चेंडू घ्यायचा, दोन-तीन ड्रिबलमध्ये नितंब आणि खांद्याने बचावपटूला मागे रेटायचं, मग डाव्या हाताचा हुक किंवा उलटं वळण. हे कौशल्य थकव्यात फारसं बिघडत नाही, कारण त्यात उडी कमी आणि पायांची जागा महत्त्वाची.

त्याहून मोलाचा होता त्याचा पास. त्याच्यावर दुसरा बचावपटू धावून आला की कोर्टावर कुठेतरी एक जण मोकळा राहतो, आणि बर्न्सला तो दिसायचा. अंतिम सामन्यात त्याचे २० गुण होते आणि ७ असिस्ट, म्हणजे ज्यांवर सहकाऱ्याने लगेच गुण केले असे पास. त्याच रात्री डीजे होर्नने २९ गुण केले. नॉर्थ कॅरोलायनाची कोंडी हीच होती की बर्न्सवर दोघे टाकले तर बाहेर होर्न, आणि एकटा ठेवला तर आत बर्न्स. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून बर्न्सची निवड झाली. बसवायला हा डाव अवघड नाही, पण त्यासाठी बाकीच्या चौघांना स्थिर उभं राहण्याची सवय मोडावी लागते. दुसरा बचावपटू कोपऱ्यातून आला की कोपऱ्यातल्याने वर सरकायचं, वरून आला की वरच्याने रिंगकडे कापायचं. रोज दहा मिनिटं, चेंडू पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ पाठ करून उभ्या असलेल्याकडे देऊन, फक्त एवढंच. महिन्याभरात फरक दिसतो.

सोबत टर्नओव्हर, म्हणजे फटका न मारताच चेंडू गमावणं, कमी. हा संघ हंगामभर चेंडू फारसा गमवत नव्हता, आणि सलग सामन्यांत त्याचा फायदा दुप्पट होतो. चेंडू गमावला की दोन गुण जातातच, शिवाय पाच जणांना जीव तोडून मागे धावावं लागतं. थकलेल्या संघाला ते धावणं जास्त महाग पडतं.

बर्न्ससारख्या जड खेळाडूला तीस मिनिटं टिकवायचं कसं? अमेरिकेत प्रत्येक हाफमध्ये १६, १२, ८ आणि ४ मिनिटं उरल्यानंतर खेळ पहिल्यांदा थांबला की दूरदर्शनसाठी टाइमआउट होतो. म्हणजे सामन्यात आठ सक्तीच्या विश्रांती. अशा टाइमआउटच्या मिनिटभर आधी खेळाडूला बाहेर काढायचं. घड्याळात एकच मिनिट जातं, विश्रांती तीन मिनिटांवर मिळते. बर्न्स बाहेर असला की बेन मिडलब्रुक्स ती जागा धरायचा. आपल्याकडे फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे नियम, तिथे हे टाइमआउट नाहीत. पण पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरनंतर दोन मिनिटांचं मध्यंतर असतं. उंच खेळाडूला त्या क्वार्टरच्या शेवटच्या दीड मिनिटात बाहेर घ्या आणि पुढच्याच्या पहिल्या मिनिटानंतर आत पाठवा. अडीच मिनिटांच्या खेळाच्या बदल्यात पाच मिनिटांपर्यंत श्वास मिळतो. हाफनंतरचे टाइमआउट शेवटच्या दोन मिनिटांसाठी राखून ठेवणारे प्रशिक्षक बरेच दिसतात, पण तिथे तीनपैकी दोनच घेता येतात. सलग सामन्यांत एक तरी तिसऱ्या क्वार्टरमध्ये केवळ दम खायला वापरावा.

तिसरी गोष्ट सामन्यांच्या मधल्या वेळेची. प्रतिस्पर्धी कोण ते आदल्या रात्री कळतं, त्यामुळे सरावाला जागाच नसते. अमेरिकी संघ साहाय्यकांमध्ये संभाव्य प्रतिस्पर्धी आधीच वाटून घेतात. प्रत्येकाने दोन संघ बघून ठेवायचे, सामना ठरला की ज्याचा संघ त्याने वीस मिनिटांची चित्रफीत दाखवायची आणि तीन गोष्टी सांगायच्या, चौथी नाही. डाव समजावायला हॉटेलच्या सभागृहात गालिच्यावर चिकटपट्टीने कोर्टाच्या रेषा आखतात आणि मुलं चपला-बुटांत चालत जागा समजून घेतात. धावायचं नाही, उडी नाही. आपल्याकडे दोन स्पर्धा-सामन्यांच्या मध्ये सकाळी तासभर पळवणारे प्रशिक्षक आहेत. तो तास संध्याकाळच्या चौथ्या क्वार्टरमधून वजा होतो. अर्धा तास हलकं शूटिंग पुरे, त्यातला निम्मा वेळ फ्री थ्रोंना.

खाण्यापिण्याचं काटेकोर पाहा. सामन्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी, मीठ घालून. सामना संपल्यावर पहिल्या तासात शरीराच्या दर किलोला सुमारे एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ. सत्तर किलोच्या मुलाला दोन मोठी केळी आणि वाटीभर दहीभात साधारण तेवढं देतात. सोबत अंडी किंवा पनीर. नऊ वाजता सामना संपतो, साडेदहाला जेवण शोधायला बाहेर पडतात आणि वडापाववर भागवतात, असे संघ तिसऱ्या दिवशी गळतात यात आश्चर्य नाही. डबे आधी सांगून ठेवा.

एनसी स्टेटच्या मोहम्मद दियाराची गोष्ट इथेच सांगायला हवी. ११ मार्चला रमजान सुरू झाला आणि हा फॉरवर्ड रोजे पाळत ही स्पर्धा खेळला, रिबाउंडचा, म्हणजे चुकलेल्या फटक्याचा चेंडू पकडण्याचा, सगळ्यात मोठा भार त्याच्यावर असताना. संघात रोजा ठेवणारा मुलगा असेल तर त्याचं वेळापत्रक वेगळं लिहा. पहाटेच्या जेवणात भरपूर पाणी आणि सावकाश पचणारं अन्न, दुपारी झोप, सकाळच्या शूटिंगला सुट्टी. सूर्यास्त सामन्याच्या मधे येत असेल तर बाकावर खजूर आणि पाणी तयार ठेवा, आणि तेवढ्या वेळेपुरता त्याला बाहेर घ्या. त्याने मागण्याची वाट पाहू नका.

आता शुक्रवारची रात्र, कारण सगळी मोहीम तिथे संपत आली होती. व्हर्जिनिया तीन गुणांनी पुढे, ५.३ सेकंद बाकी, फ्री थ्रोवर व्हर्जिनियाचा आयझॅक मॅकनीली. अमेरिकी महाविद्यालयीन पुरुष सामन्यात एका हाफमध्ये सातव्या ते नवव्या सांघिक फाउलवर ‘वन अँड वन’ मिळतो, पहिला फ्री थ्रो पडला तरच दुसरा. दहाव्यापासून सरळ दोन. पंचाहत्तर टक्क्यांचा नेमबाज घ्या. दोन फ्री थ्रो असतील तर दोन्ही चुकण्याची शक्यता सव्वासहा टक्के. वन अँड वनमध्ये काहीही न मिळण्याची शक्यता पंचवीस टक्के, चौपट. एनसी स्टेटचे फाउल अजून दहावर गेले नव्हते, हे त्या क्षणी सोन्याच्या मोलाचं ठरलं. मॅकनीलीचा पहिलाच चुकला. मायकल ओ’कॉनेल चेंडू घेऊन धावला आणि तीन गुणांच्या रेषेबाहेरून फटका मारला. चेंडू बोर्डावर आपटून, रिंगवर फिरून आत पडला. ५८-५८. जादा वेळेत एनसी स्टेटने १५ गुण केले, व्हर्जिनियाने ७.

तो फटका नशिबाचा होता, हे स्पष्ट म्हणायला हवं. पण व्हर्जिनियाच्या जागी आपण असतो तर काय करायचं, हा प्रश्न प्रशिक्षकाचा आहे. तीन गुणांनी पुढे, सात सेकंदांच्या आत, प्रतिस्पर्धी ड्रिबल करत मध्यरेषेकडे येतोय. माझं ठाम मत, फाउल करा. मात्र तो फटक्याच्या हालचालीत येण्याआधी, चेंडूकडे दोन्ही हात नेऊन, मागून न ओढता. जर्सी ओढली किंवा मिठी मारली तर हेतुपुरस्सर फाउल होतो, दोन फ्री थ्रो आणि वर चेंडूही त्यांचाच. हे सरावात केलं नसेल तर सामन्यात सांगूच नका. गोंधळलेला मुलगा तीन गुणांच्या फटक्यावर फाउल करून तीन फ्री थ्रो देऊन बसतो.

फिबाच्या नियमात हे गणित आणखी अनुकूल आहे. तिथे वन अँड वन नाही. क्वार्टरमध्ये पाचव्या सांघिक फाउलपासून दोन फ्री थ्रो, पहिल्या चारांवर फटक्याच्या हालचालीत नसलेल्या खेळाडूला फाउल केला तर प्रतिस्पर्ध्याला केवळ बाहेरून चेंडू. चौथ्या क्वार्टरमध्ये शेवटच्या दहा सेकंदांत तुमचे फाउल तीन असतील आणि तुम्ही तीनने पुढे असाल, तर एक फाउल फुकट करून तीन-चार सेकंद खाता येतात. म्हणून बाकावरच्या एका जणाकडे फक्त सांघिक फाउल मोजायचं काम द्या, आणि प्रत्येक थांब्याला त्याने तो आकडा मोठ्याने सांगायचा.

राष्ट्रीय स्पर्धेत या संघाला अकरावं मानांकन मिळालं. टेक्सास टेक, ओकलंड, मार्केट आणि पुन्हा ड्यूक. ड्यूकविरुद्धच्या ७६-६४ विजयात बर्न्सचे २९ गुण होते, १९ पैकी १३ फटके यशस्वी. सलग नऊ विजयांनंतर अंतिम चारमध्ये पर्ड्यूने ६३-५० असं थांबवलं. बर्न्सच्या समोर तिथे ७ फूट ४ इंचांचा झॅक ईडी होता आणि बर्न्सला ८ च गुण करता आले. पोस्टवर उभ्या असलेल्या खेळाची मर्यादा इथे दिसते. समोर तुमच्याहून उंच आणि तितकाच बळकट खेळाडू एकटा पुरा पडला, की दुसरा बचावपटू येत नाही, आणि दुसरा आला नाही तर बाहेर कोणी मोकळा राहत नाही. अशा संघाशी गाठ पडली तर उंच खेळाडूला रिंगखाली न ठेवता फ्री थ्रो रेषेजवळ आणा, त्याच्या पाठीमागून गार्ड कापू द्या. समोरचा उंच खेळाडू रिंगपासून दूर ओढला जातो.

हा संघ मुळात इतर विद्यापीठांतून जमवलेला होता. बर्न्स विंथ्रॉपहून, होर्न ॲरिझोना स्टेटहून, ओ’कॉनेल स्टॅनफर्डहून, दियारा मिसूरीहून, केसी मोर्सेल तर व्हर्जिनियाहूनच. वयाने मोठे, पण एकमेकांना नवे. फेब्रुवारीतले पराभव आणि मार्चमधला मेळ या दोन्हींत याचा वाटा असावा. त्यांतले महत्त्वाचे खेळाडू गेल्यावर पुढच्या हंगामात एनसी स्टेट १२-१९ वर आला, गटात फक्त पाच विजय. २०२४-२५ च्या हंगामापासून एसीसीत १८ संघ झाले आणि २०२५ च्या स्पर्धेला पहिले १५ च घ्यायचं ठरलं. एनसी स्टेट त्या पंधरात बसला नाही, गतविजेता असूनही. प्रशिक्षक केविन कीट्स यांना त्याच मार्चमध्ये जावं लागलं.

तुमच्या संघासाठी आत्ता, स्पर्धेला महिना असताना, मी तीन कामं धरेन: पोस्टमधून बाहेर पास, सातव्या-आठव्या खेळाडूची ठरलेली मिनिटं, आणि तीनने पुढे असताना करायचा फाउल. सरावाचे शेवटचे दोन आठवडे सलग चार दिवस पूर्ण वेळेचे सामने खेळवा आणि प्रत्येक सामन्यानंतर वीस फ्री थ्रोंची नोंद ठेवा. चौथ्या दिवशी ज्याचा आकडा पहिल्या दिवसापेक्षा पाचाने किंवा जास्त पडतो, त्याची मिनिटं विभागीय स्पर्धेत आधीपासूनच कमी धरा.